अमिनो आम्लं आणि पोटातला अल्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. एम.फार्म.च्या प्रबंधाचा माझा विषय अल्सर होता, त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले आणि जुने विद्यार्थी आपापल्या पोटाची गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडेच येतात. गेल्या काही वर्षांत या प्रश्नांत ‘अमिनो आम्लांनी अल्सर बरा होतो म्हणे, खरं का?’ या प्रश्नाची भर पडली आहे. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते छोटे रेणू. त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे पान.

अल्सर आणि साधी ऍसिडिटी यांत फरक काय?

ऍसिडिटीत छातीत-पोटात जळजळतं, आंबट ढेकर येतात, पण जठराचं आतलं अस्तर शाबूत असतं, फार तर लालसर झालेलं असतं. अल्सर ही खरीखुरी जखम असते. अस्तर फाटतं आणि खड्डा त्याच्याही खालच्या थरात उतरतो. जठरात झाला तर गॅस्ट्रिक अल्सर, जठराच्या तोंडापुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला झाला तर ड्युओडेनल अल्सर. दोन्ही मिळून पेप्टिक अल्सर. आपण घरात दोन्हींना ‘पोटात अल्सर’ असंच म्हणतो.

ड्युओडेनल अल्सर बऱ्याचदा रिकाम्या पोटी दुखतो, मध्यरात्री झोपेतून उठवतो आणि चार घास पोटात गेले की जरा शांत होतो. जठरातला खाल्ल्यावर वाढू शकतो. मात्र एवढ्यावरून घरच्या घरी निदान करू नका. म्हाताऱ्या माणसांत, त्यातही पेनकिलर घेणाऱ्यांत, काहीही न दुखता एकदम रक्तस्राव होतो.

जठरात इतकं जहाल आम्ल असतं, मग ते स्वतःलाच का पचवत नाही?

सगळा विषय या प्रश्नाभोवतीच फिरतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जठरातल्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जहाल) दीड-दोनपर्यंत उतरतो. मांस विरघळवायला तो पुरेसा आहे. त्याच्या आणि आपल्या पेशींच्या मध्ये मिलिमीटरच्याही अंशाइतका पातळ, बुळबुळीत थर असतो. हा श्लेष्म्याचा थर. पेशी त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट सोडत राहतात, म्हणून थराच्या वरच्या बाजूला जहाल आम्ल आणि खालच्या बाजूला जवळजवळ पाण्यासारखं सौम्य वातावरण, असा चमत्कार तेवढ्याशा जाडीत घडतो.

त्याखाली पेशींचं अस्तर असतं. हे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवं होतं. कुठे खरचटलं तर आजूबाजूच्या पेशी सरकून काही तासांत उघडी जागा झाकतात. त्याच्याही खाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. आत झिरपलेलं आम्ल वाहून नेणं आणि दुरुस्तीचा माल पोचवणं हे त्याचं काम. या सगळ्यावर देखरेख प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या रेणूंची असते.

श्लेष्मा, पेशी, रक्तपुरवठा या तिन्ही ठिकाणी अमिनो आम्लं लागतात. श्लेष्म्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे म्युसिन. त्याच्या साखळीत थ्रिओनिन, सेरिन आणि प्रोलिन ही अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात, आणि त्याचे धागे एकमेकांना सिस्टीनच्या गाठींनी बांधलेले असतात. आहारात थ्रिओनिन कमी पडलं की आतड्यात म्युसिन कमी तयार होतं, हे उंदरांत आणि डुकरांच्या पिल्लांत स्पष्ट दिसलं आहे.

नावातच ‘आम्ल’ आहे. मग अमिनो आम्लं घेऊन ऍसिडिटी वाढणार नाही का?

नावावर जाऊ नका. अमिनो आम्लाच्या रेणूला आम्लाचं टोक असतं तसं अल्कलीचंही असतं, त्यामुळे बहुतेक अमिनो आम्लं सौम्यच असतात. ग्लायसिन तर चवीला चक्क गोड लागतं. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे यांची काय मातब्बरी!

शंका अगदीच निराधार मात्र नाही. प्रथिनं पोटात गेली की आधी ती आम्ल शोषून घेतात, पण पाठोपाठ गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि आम्ल वाढतं. सुट्या अमिनो आम्लांत फिनाइलअॅलनिन आणि ट्रिप्टोफॅन हे आम्ल वाढवण्यात पुढे असतात. गॅस्ट्रिन सोडणाऱ्या पेशींवर त्यांना ओळखणारे ग्राहक-रेणू (रिसेप्टर) असतात. म्हणून ‘अमिनो आम्लं पोटाला चांगली’ असं सरसकट विधान चुकीचं आहे. कुठलं अमिनो आम्ल, ते आधी विचारायचं.

ग्लुटामिनचंच एवढं नाव का होतं?

कारण त्याच्यामागे सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भक्कम कहाणी आहे.

१९४९ साली कॅलिफोर्नियात डॉ. गार्नेट चेनी यांनी अल्सरच्या १३ रुग्णांना ताज्या कच्च्या कोबीचा रस रोज सुमारे लिटरभर पाजला. त्यांतल्या सात ड्युओडेनल अल्सरवाल्यांच्या जखमा सरासरी १०.४ दिवसांत भरल्या. तेव्हाच्या नेहमीच्या उपचारांत सरासरी ३७ दिवस लागत. रसातल्या अज्ञात घटकाला त्यांनी नाव दिलं ‘व्हिटॅमिन यू’, यू म्हणजे अल्सरचा यू. तो घटक पुढे एस-मिथाइल मेथिओनिन ठरला. ते व्हिटॅमिन नाहीच, मेथिओनिन या अमिनो आम्लाचं भावंड आहे. जपानमध्ये १९६० पासून ‘कॅबेजिन’ या नावाने ते पोटाच्या औषधात विकलं जातं आणि आजही तिथे घराघरांत ओळखीचं आहे.

कोबीच्या रसात ग्लुटामिनही भरपूर असतं. टेक्सास विद्यापीठातले विल्यम शाइव्ह आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये नुसतं ग्लुटामिन, दिवसाला १.६ ग्रॅम, चार वेळांत विभागून अल्सरच्या रुग्णांना दिलं आणि चांगला परिणाम नोंदवला. जपानने इथेही पुढचं पाऊल टाकलं. ग्लुटामिन आणि सूज कमी करणारं अझुलिन यांचं एकत्र औषध तिथले डॉक्टर जठराच्या सुजेवर आणि अल्सरवर लिहून देतात.

आता यामागचं कारण. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या अमिनो आम्लांत सर्वाधिक वाटा ग्लुटामिनचाच असतो. शरीर ते स्वतः तयार करतं, दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर. आतड्याच्या पेशी ते सरपणासारखं जाळतात. हर्बर्ट विंडम्युलर यांनी १९७० च्या दशकात उंदराच्या आतड्यावर प्रयोग करून हे दाखवलं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना नवं डीएनए बांधायला लागणारा नायट्रोजनही ग्लुटामिनच पुरवतं. दर चार दिवसांनी नवं अस्तर घालणाऱ्या भिंतीला असं इंधन का आवडावं, हे सांगायला नको.

मग कोबीचा रस प्यावा का?

प्यायला हरकत नाही, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. चेनींच्या त्या पहिल्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्ण अवघे तेरा. त्यात लिटरभर कच्चा कोबी म्हणजे गॅसने पोट फुगणारच. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी इतका कच्चा कोबी रोज घेऊ नये. कोबी शिजवला की त्यातलं सुटं ग्लुटामिन आणि एस-मिथाइल मेथिओनिन बरंचसं मोडतं. कोबीची भाजी उकळताना जो उग्र वास सुटतो ना, त्यात या मोडतोडीचाही वाटा असतो. म्हणजे हळद-मोहरीच्या फोडणीतली कोबीची भाजी म्हणजे चेनींचा रस नव्हे.

आर्जिनिन काय करतं?

आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्याने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि जठराच्या भिंतीला रक्त जास्त मिळतं. या वायूच्या कामगिरीच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पोलंडमध्ये क्राकूव्हच्या कोंटुरेक आणि ब्रझोझोव्स्की यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की आर्जिनिन दिलं तर अल्सर लवकर भरतो, आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याची वाट औषधाने अडवली तर तो फायदा नाहीसा होतो. प्रयोग म्हणून मला हे फार आवडतं, कारण ‘काय’ बरोबर ‘कसं’ही त्यातून कळतं.

यात एक मोठा इशारा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आर्जिनिन देऊन पाहण्याचा एक अमेरिकन अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हृदयरुग्ण रोज ऍस्पिरिन घेतात, म्हणजे अल्सरची भीतीही त्यांनाच जास्त. ‘पोटाचं रक्षण’ म्हणून अशा माणसाने आर्जिनिनची पुडी स्वतःच्या मनाने सुरू करणं धोक्याचं आहे.

सिस्टीन, ग्लायसिन, ग्लुटाथायोन ही नावंही ऐकतो...

ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन अशी तीन अमिनो आम्लं जोडून पेशी ग्लुटाथायोन बनवते. जळजळीत, घातक ऑक्सिजन-रेणू विझवणारा हा पेशीतला मुख्य पदार्थ. जठराच्या अस्तरात तो भरपूर असतो. दारू किंवा पेनकिलरने इजा होते तेव्हा त्याचा साठा घटतो. सिस्टीनमधल्या गंधकाच्या गटांचं या रक्षणातलं महत्त्व सॅंडॉर साबो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. गंमत अशी की सिस्टीनचं जवळचं नातलग सिस्टिअमीन हे उंदरांत ड्युओडेनल अल्सर *करण्यासाठी* वापरतात. एवढासा फरक, आणि परिणाम उलटा!

उंदरांना ग्लायसिन दिलं तर आम्लाचा स्राव कमी होतो आणि जखमाही कमी होतात, असे प्रयोग आहेत. टॉरिनचंही तसंच.

खोकल्यात कफ पातळ व्हावा म्हणून पाण्यात विरघळणारी एन-ऍसिटिलसिस्टीनची गोळी मिळते. ती कफातल्या सिस्टीनच्या गाठी सोडवते. जठरातला श्लेष्माही तशाच गाठींनी बांधलेला असतो. म्हणून अल्सर झालेल्यांनी ती सांभाळून घ्यावी, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकात असते. ‘सिस्टीन चांगलं, मग हेही चांगलंच’ हा हिशेब इथे चालत नाही.

हिस्टिडिनने अल्सर बरा व्हायचा, हे खरं का?

तसं मानलं जात होतं. १९३३ मध्ये स्ट्रासबर्गच्या वाइस आणि आरों यांनी मांडलं की अल्सर अमिनो आम्लांच्या कमतरतेमुळे होतो. ज्या कुत्र्यांच्या आतड्याची जोडणी शस्त्रक्रियेने बदलली होती त्यांना अल्सर होत, आणि हिस्टिडिनची इंजेक्शनं दिली की ती जास्त टिकाव धरत, हा त्यांचा आधार. मग युरोप-अमेरिकेत माणसांना हिस्टिडिनची इंजेक्शनं देण्याची लाटच आली. काही दिवसांत दुखणं थांबायचं. पण अल्सरचं दुखणं असंही काही आठवड्यांनी आपोआप ओसरतं आणि पुन्हा येतं. नीट तुलना केल्यावर इंजेक्शनांचा वेगळा फायदा दिसेना, आणि ती मागे पडली.

पुढे हिस्टिडिन दुसऱ्या दाराने परत आलं. बीटा-अॅलनिन आणि हिस्टिडिन जोडलं की कार्नोसिन होतं. कार्नोसिन आणि जस्त यांचं संयुग, पोलाप्रेझिंक, जपानने १९९४ मध्ये जठराच्या अल्सरवरचं औषध म्हणून मान्य केलं. ते जखमेच्या जागी चिकटून राहतं आणि जस्त हळूहळू सोडतं. अमिनो आम्लांशी नातं असलेल्या औषधांत मला सगळ्यांत आशादायक वाटतं ते हेच.

‘उंदरांत सिद्ध झालं’ म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

मी जे स्वतः केलं ते सांगते. प्राणी-प्रयोगांच्या नीती समितीची परवानगी घेऊन उंदीर चोवीस तास उपाशी ठेवायचे, पाणी मात्र द्यायचं. एका गटाला आधी चाचणीचा पदार्थ, दुसऱ्याला नुसतं पाणी. तासाभराने सगळ्यांना घशातून नळीने एक मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आणखी तासाने जठर काढून मोठ्या वळणाच्या बाजूने कापायचं, सलाइनने धुवायचं आणि मेणाच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवायचं.

पाटीवर दोन प्रदेश दिसतात. वरचा पांढुरका, कागदासारखा, आणि खालचा गुलाबी, घड्या पडलेला. नुसतं पाणी मिळालेल्या उंदराच्या गुलाबी भागावर काळपट-लाल पट्टे उठलेले असतात, घड्यांच्या माथ्यांवरून लांबच लांब, तापल्या सळीने चटके दिल्यासारखे. ग्लुटामिन मिळालेल्या जठरावर तेच पट्टे कमी आणि तोकडे. भिंगाखाली पट्टी लावून एकेक पट्टा मोजायचा आणि बेरजेला अल्सर इंडेक्स म्हणायचं. पहिल्यांदा ती दोन जठरं शेजारी-शेजारी पाहिली तेव्हा मी अक्षरशः थक्क झाले होते. फरक दाखवायला आकडेमोडीची गरजच नव्हती.

ही पद्धत रूढ झाली आंद्रे रॉबर्ट यांच्या १९७९ च्या कामामुळे. आम्ल कमी न करताही प्रोस्टाग्लॅंडिन जठराला अल्कोहोलपासून वाचवतात हे त्यांनी दाखवलं, आणि अशा रक्षणाला ‘सायटोप्रोटेक्शन’, म्हणजे पेशीरक्षण, हे नाव रुळलं.

पण त्या पाटीवर काय नव्हतं, तेही सांगायला हवं. माणसांत अल्सरचं एक मुख्य कारण असलेला एच. पायलोरी हा जंतू नव्हता. महिनोन्‌महिने चाललेली जखम नव्हती, तासाभराची इजा होती. आणि पदार्थ इजेच्या *आधी* दिलेला होता. माणूस दवाखान्यात येतो तो जखम झाल्यावर. शिवाय उंदराला वजनाच्या मानाने दिलेला डोस माणसाच्या वजनाला लावला तर चमच्याने नव्हे, वाटीने पावडर खावी लागेल.

म्हणजे माणसांत पुरावा नाहीच का?

आहे, पण तुटपुंजा. १९४०-५० च्या दशकांतले अभ्यास आजच्या कसोटीला उतरत नाहीत. नंतरचे बहुतेक छोटे आहेत, आणि त्यांत अमिनो आम्ल आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या किंवा जंतुनाशकाच्या *जोडीला* दिलेलं आहे. नुसत्या ग्लुटामिनने किंवा आर्जिनिनने अल्सर बरा करावा, असं अल्सरच्या उपचारांची कुठलीही मोठी मार्गदर्शिका सांगत नाही. मी ज्या विषयावर दोन वर्षं घालवली त्याबद्दल हे लिहिताना जड जातं, पण खरं आहे ते हेच.

मग खरं कारण काय, आणि उपचार काय?

कारणं मुख्यतः दोन: एच. पायलोरी जंतू आणि पेनकिलर.

ऑस्ट्रेलियात पर्थमधले डॉक्टर रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू जठरातून वेगळा काढून वाढवला. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः तो जंतू प्याला आणि जठराची सूज ओढवून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू असतो, आपल्याकडे तर फारच. अल्सर मात्र त्यांतल्या थोड्यांनाच होतो.

अमिनो आम्लांच्या बाजूने पाहिलं तर हा जंतू भलताच लुटारू आहे. त्याच्याकडचं एक विकर (एन्झाइम) आपल्या भिंतीतलं ग्लुटामिन आणि ग्लुटाथायोन फोडून खातं. दुसरं विकर आर्जिनिन मोडतं, म्हणजे आपल्या पेशींना त्यापासून नायट्रिक ऑक्साइड करून जंतूवर सोडता येत नाही. युरिया फोडून तो अमोनिया सोडतो तो वेगळाच. वर ज्यांचं एवढं कौतुक केलं नेमकी तीच द्रव्यं हा पळवतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: भिंत लिंपायला माल आणताय, ते ठीक. पण चोर घरातच बसलाय, त्याचं काय?

चोराला बाहेर काढायला दोन किंवा तीन जंतुनाशकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, बहुधा १४ दिवस, असा कोर्स असतो. कधी त्यात बिस्मथही असतं. भारतात क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे जंतू खूप आहेत, म्हणून कोर्स डॉक्टरच ठरवतील. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. जंतू आहे का ते श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून, नाहीतर दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यातून कळतं. तपासणीआधी पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि जंतुनाशकं चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येतो. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका.

गुडघेदुखीची गोळी रोज लागते. सोबत अमिनो आम्ल घेतलं तर पोट वाचेल का?

नाही, तेवढ्याने वाचणार नाही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लॅंडिनच तयार होऊ देत नाहीत. जॉन वेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवलं. दुखणं थांबतं ते त्यामुळेच आणि भिंतीचा पहारा उठतो तोही त्यामुळेच. पहारा उठल्यावर विटा-सिमेंट कितीही आणून टाका.

माझ्या मावशीचे गुडघे धरत. दुकानातून सुटी मिळणारी गोळी ती सकाळ-संध्याकाळ घ्यायची, चहाबरोबर, रिकाम्या पोटी. पोट कधी दुखलं नाही. शी काळी होते म्हणायची, आणि आम्ही म्हणायचो लोहाच्या गोळ्यांनी होत असेल. लोहाच्या गोळ्यांनी होतेच काळी. एका सकाळी ती ओट्याशी उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. हिमोग्लोबिन सहा. दुर्बिणीत जठरात नाण्याएवढा अल्सर. मी अल्सर शिकवणारी, आणि माझ्याच घरात हे झालं. लोहाने होणारी काळी शी साधारण बांधलेली असते. रक्ताची काळी शी डांबरासारखी चिकट, चकचकीत असते आणि तिला विचित्र उग्र वास असतो. हे तेव्हा मी मावशीला विचारायला हवं होतं.

गोळी टाळणं शक्य नसेल तर सोबत आम्ल कमी करणारं औषध हवं का ते डॉक्टरांना विचारा. वय ६५ च्या वर, आधी अल्सर झालेला, किंवा ऍस्पिरिन अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच विचारा.

थंड दूध प्यालं की बरं वाटतं. दुधातही अमिनो आम्लं असतातच ना?

असतात, भरपूर. पण दुधाने अल्सर भरत नाही. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये दर तासाला दूध-साय पाजण्याचा आहार सुरू केला आणि तो कित्येक दशकं जगभर चालला. १९७६ मध्ये मोजून पाहिलं तेव्हा एका पेल्याने, दूध साईचं असो वा बिनसाईचं, आम्लाचा स्राव वाढलेला आढळला. आधी जरा थंडावा वाटतो, मग प्रथिनं आणि कॅल्शियम मिळून आम्ल वाढवतात. जेवणातलं दूध-ताक चालेल, औषध म्हणून तासातासाला नको.

आहारातून काय करता येईल?

अल्सर भरत असताना पोटभर आणि चौरस प्रथिनं हवीत, एवढं मी ठामपणे सांगेन. ‘पोटाला आराम’ म्हणून महिनाभर पेज आणि साबुदाण्यावर काढणारी माणसं मी पाहिली आहेत. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. जखम भरायची कशाने?

ज्वारी-बाजरी-गहू-तांदूळ यांत लायसिन कमी असतं आणि डाळींत मेथिओनिन. दोन्ही एकत्र खाल्लं की उणीव भरून निघते. वरण-भात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, भाजणीचं थालीपीठ यांत आपल्या आज्यांनी हे आधीच जुळवून ठेवलंय. अंडं, मासे, पनीर, दही चालत असेल तर उत्तमच. गव्हाच्या ग्लुटेनमधली जवळपास एक तृतीयांश अमिनो आम्लं ग्लुटामिन असतात. ग्लुटामिनचं भावंड ग्लुटामिक आम्ल पहिल्यांदा सापडलं तेही १८६६ मध्ये गव्हाच्या ग्लुटेनमध्येच, म्हणून हे नाव.

मुंबईत पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात रेल्वे कामगारांचा अभ्यास करून दाखवलं की भात खाणाऱ्या दक्षिणेकडच्या लोकांत ड्युओडेनल अल्सर पोळी खाणाऱ्या उत्तरेकडच्यांपेक्षा खूप जास्त आहे. पोळी चावावी लागते, लाळ जास्त मिसळते, हे कारण त्यांनी सुचवलं. म्हैसूरला काम केलेले सर्जन फ्रॅंक टोव्ही यांनाही दक्षिणेत हेच दिसलं होतं. मल्होत्रांचे आकडे वाचून ‘म्हणजे गव्हातलं ग्लुटामिन!’ असं म्हणायचा मोह मलाही झाला होता, पण त्याला पुरावा नाही. कोकणातल्या कुणी या कारणासाठी भात सोडू नये.

मिरचीने अल्सर होत नाही, झालेला असेल तर जळजळ वाढू शकते. विडी-सिगारेट मात्र अल्सर भरूच देत नाही.

जिममधली ग्लुटामिन पावडर घेतली तर निदान नुकसान तरी नाही ना?

धडधाकट माणसाला दिवसाला पाच-दहा ग्रॅमने सहसा अपाय होत नाही. पण लिव्हर सिऱ्हॉसिस असलेल्याने घेऊ नये, कारण ग्लुटामिनपासून अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. किडनी अधू असेल तरीही नको. अतिदक्षता विभागातल्या, अनेक अवयव निकामी होत असलेल्या १,२२३ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जास्त मात्रेत ग्लुटामिन मिळालेल्या गटात सहा महिन्यांअखेर मृत्यू जास्त होते. ‘शरीरातलंच तर आहे’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

याहून मोठं नुकसान वेळेचं असतं. तीन महिने पावडर खाऊन पाहू, असं म्हणणाऱ्याच्या पोटात जंतू तसाच राहतो.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

डांबरासारखी काळी शी. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. पोटात एकदम सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट फळीसारखं कडक होणं. अंधारी येणं, घाम फुटणं. यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, आणि तोंडाने काही देऊ नका. विनाकारण वजन घटत असेल, गिळताना अडकत असेल, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल तर त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

अल्सर भरला हे कसं कळतं?

दुखणं थांबलं म्हणजे भरला, असं नाही. जंतूवरचा कोर्स संपल्यावर किमान चार आठवडे थांबून श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करायची. पुष्कळजण हीच पायरी गाळतात. अल्सर जठरात असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायला सांगतात, कारण सुरुवातीचा कर्करोग कधीकधी हुबेहूब अल्सरसारखा दिसतो. मावशीची दुसरी दुर्बीण दहाव्या आठवड्यात झाली. खड्ड्याच्या जागी स्क्रीनवर फिकट, चांदणीसारखा व्रण होता आणि त्याच्याकडे चहूबाजूंनी घड्या ओढलेल्या होत्या.